डब्याच्या बुडाशी पाचचा आकडा

प्लास्टिकचा डबा हातात आला की तो आधी उलटा करून बघायची मला खोड आहे. बुडाशी त्रिकोणात ५ दिसला की समजायचं, हा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. लोक मात्र भाळतात काचेसारख्या पारदर्शक डब्यावर. त्याच्या बुडाशी बहुतेकदा १ असतो, म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. त्यात उकळतं पाणी ओतून बघा, अंग आक्रसून वाकडा होतो. साधा पीईटी ७०-८० अंशांनाच मऊ पडतो, पीपी वितळायला १६० च्या आसपास तापमान लागतं. म्हणूनच १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करायच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या याच्या बनवतात.

पीपी जरा दुधी दिसतो, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या जागोजागी नीट रचल्या जाऊन स्फटिक होतात आणि प्रकाश तिथे विखुरतो. ही शिस्त आपोआप येत नाही. इटलीत ज्युलिओ नत्ता यांनी १९५४ मध्ये कार्ल झीगलर यांच्या पद्धतीचे उत्प्रेरक वापरून साखळीतले मिथाइल गट, म्हणजे बाजूला लटकणारे कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे, एकाच बाजूला आणले. ते अस्ताव्यस्त राहिले, तर हाती लागतो नुसता मऊ, चिकट गोळा. दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं.

माझा आवडता भाग म्हणजे बिजागरी. शाम्पूच्या बाटलीचं टपकन उघडणारं झाकण घ्या. झाकण आणि बूच यांना जोडणारी पट्टी कागदाहून थोडी जाड, बाकी खिळा नाही, कडी नाही. पहिल्यांदा दुमडताना तिथल्या साखळ्या ताणून घडीला आडव्या लागतात, म्हणून पट्टी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही.

थंडी मात्र याला सोसत नाही. शून्याच्या आसपास साधा पीपी कडक होतो. फ्रीझरमधून काढलेला डबा हातातून निसटला की कोपरा उडालाच म्हणून समजा. उन्हातही तो ठिसूळ होतो. तेलात विरघळणारे रंग तर असे मुरतात की घासून हात दुखतील, डाग तिथेच.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेलं असलं तरी तेलकट पदार्थ मी काचेतच तापवते. तेल १०० अंशांवर थांबत नाही, आणि मग डब्याच्या आतल्या बाजूला खडबडीत खड्डे पडतात. असा डबा मी सुट्या बटणांना देऊन टाकते.

आकडा पुसला गेला असेल तर तुकडा पाण्यात टाकते. पाण्याची घनता १ धरली तर पीपीची ०.९ च्या आसपास, तो तरंगतो, पीईटी बुडतो. पॉलिथिनही तरंगतं, तेवढं ध्यानात ठेवा.