तुणतुणं धरून उभं राहायला शिकवलं त्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि बाईंखेरीज दुसरं काही सुचेचना. शाळेचे उपकार पुष्कळ आहेत. पण मला घडवलं ते आठवी अ च्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून बाईंनी घेतलेल्या तालमींनी.

डॉ. श्रीराम लागूंचा विषय निघाला की बाईंना तासाची घंटा ऐकू यायची नाही. कान-नाक-घशाचा सर्जन, सुरळीत चाललेला व्यवसाय. तो सोडून १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, माणूस पूर्णवेळ नट होतो! पुढच्याच वर्षी डिसेंबरात शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉक्टर, असं होऊन बसलं. बाईंचा जीव मात्र पडद्यावरच्या दोन शिक्षकांवर जडलेला. एक ‘पिंजरा’तले ताठ कण्याचे गुरुजी, तमाशाच्या फडात जाऊन पार मोडून पडणारे. दुसरा ‘सामना’तला दारुडा म्हातारा मास्तर, जो निळू फुल्यांच्या हिंदुरावाला मारुती कांबळेबद्दल विचारतच राहतो. दोघांची पाठ कशी वेगळी दिसते, हे बाई फळ्यापुढे उभ्या राहून करून दाखवायच्या.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात आमचा वग होता. मला एकही वाक्य नव्हतं, नुसतं तुणतुणं धरून उभं राहायचं. मी हिरमुसलो, तर बाई म्हणाल्या, “वाक्य नाही म्हणजे काम नाही, असं नसतं रे. शनिवारी दूरदर्शनवर ‘पिंजरा’ आहे. डॉक्टर तुणतुणं घेऊन कसे उभे राहतात, तेवढंच बघून ये.”

सोमवारी त्यांनी माझ्या पायांभोवती खडूनं गोल काढला. “पाय याच्या बाहेर जाता कामा नये. ती नाचतेय. तू तिच्याकडे बघायचं नाहीस. पण ती तुला दिसतेय, हे मला शेवटच्या बाकावर कळलं पाहिजे.” आणि खरंच शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. “नाही कळलं.” पुन्हा. “नाही कळलं.” शाळा सुटून गेली होती, शिपाईमामा दारात किल्ल्या वाजवत होते. शेवटी बाई उठल्या, काही न बोलता डस्टरनं तो गोल पुसला आणि म्हणाल्या, “जा आता घरी, आई वाट बघत असेल.”

पुढे बँकेची नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धा केल्या, अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. निवृत्तीनंतर मालिकांत आजोबांची कामं करतो. कॅमेरा जवळ आला की मला तो गोल दिसतो. सेटवर आयत्या वेळी पानं हातात पडतात, तालीम हा प्रकारच उरलेला नाही. नव्या मुलांकडे गुण आहेत, पण त्यांच्यासाठी शेवटच्या बाकावर जाऊन बसणारं कुणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

१७ डिसेंबर २०१९ ला डॉक्टर गेले. मी बाईंना फोन केला. “आपले मास्तर गेले रे,” एवढंच त्या बोलू शकल्या. आता बाईही नाहीत.

जुन्या हॉलमधला रंगमंच काढून तिथे संगणक कक्ष झाला, असं कळलं. संगणक हवेतच. पण नव्या इमारतीत एक रंगमंच व्हावा, फरशीचा नको, लाकडी फळ्यांचा, आणि त्याला बाईंचं नाव द्यावं, ही समितीला कळकळीची विनंती. फळ्यांचा खर्च मी देतो. दर शनिवारी मुलांची तालीम घ्यायलाही येईन.