लायकेन-नोंदी : खोडाची यादी वेगळी, खडकाची वेगळी

या हंगामापासून खोडावरची आणि खडकावरची लायकेन (बुरशी आणि शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया यांची एकत्र वाढणारी जोडी) वेगवेगळ्या तक्त्यात लिहितोय. एकत्र तक्त्यात नेहमीचंच चित्र दिसायचं: चढत जावं तशा प्रजाती वाढतात, मध्ये कुठेतरी शिखर गाठतात आणि मग ओसरतात. नेपाळच्या हिमालयात हे शिखर साधारण ३१०० ते ३४०० मीटरला येतं. तक्ते वेगळे केल्यावर माझ्या नोंदींतला हा फुगवटा बहुतेक सगळा खोडांचा निघाला. वृक्षरेषा, म्हणजे झाडं वाढू शकतात ती वरची हद्द, संपली की साल संपते आणि ती यादी तिथेच तुटते. खडकाची रेघ मात्र रेंगाळत वर जाते.

खोडासाठी युरोपातली रूढ पद्धत: जमिनीपासून एक मीटरवर, चारही दिशांना, १० सेंमीच्या पाच चौकोनांची शिडी. कललेलं खोड घ्यायचं नाही, पाणी एकाच अंगाने ओघळतं.

सगळ्यात मजा ढगांच्या पट्ट्यात. लायकेनला मुळं नसतात, पाणी अंगानेच शोषायचं. जोडीदार हिरवं शैवाल असेल तर नुसत्या दमट हवेवरही प्रकाशसंश्लेषण सुरू होतं. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) असेल तर प्रत्यक्ष पाणीच लागतं. म्हणून लेप्टोजियम आणि पेल्टिजेरा ही सायनोबॅक्टेरियावाली लायकेन मला धुकं ठिबकतं तिथेच भरभरून मिळतात. त्याच उंचीच्या कोरड्या उतारावर जवळपास नाहीत. नुसती उंची लिहिलेली नोंद मला आता अर्धवट वाटते. उताराची दिशा हवीच, शक्यतो सालीचा सामूही (पीएच).

वर, उघड्या शिळांवर प्रजाती कमी पण रंग भडक. पक्षी बसतात त्या टोकांवर नारिंगी झँथोरिया एलिगन्स, विष्ठेतल्या नायट्रोजनवर पोसलेलं. कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की लालजांभळं होतं. ही पॅरिएटिन या नारिंगी रंगद्रव्याची खूण. तिथल्या कडक उन्हात हेच रंगद्रव्य आतल्या शैवालाला आडोसा देतं. शेजारी पिवळट-हिरवं, काळ्या रेघांचं रायझोकार्पॉन जिओग्राफिकम. हे वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणून तर रोलांड बेशेल यांनी १९५० मध्ये त्याच्या व्यासावरून हिमनदीच्या गाळटेकड्यांचं वय काढायची वाट दाखवली. खडकावरच्या चौकोनांची फेरमोजणी करायला मला काही घाई नाही!

अडलंय ते फलपिंड नसलेल्या करड्या क्रस्टोज (पृष्ठभागाला घट्ट चिकटलेल्या) पापुद्र्यांपाशी. सध्या त्यांना ‘करडा अ’, ‘करडा ब’ अशी नावं दिलीत. वृक्षरेषेजवळच ते सर्वाधिक आहेत, म्हणजे आलेखाचं वळण नेमकं जिथे आहे तिथेच माझी संख्या डळमळीत. पातळ थर वर्णलेखनाने (लायकेनमधली रसायनं वेगळी करून ओळखायची पद्धत) कोणी हे सोडवले असतील तर विद्रावक कोणता वापरला ते सांगा.