सामना संपला की 268

परळच्या ओपीडीत त्या दिवशी आई पोरीवर चिडूनच आत आली. "मॅडम, हिलाच विचारा काय खाते ते. भात बंद केलाय, बटाटा बंद केलाय, तरी सामना संपला की शुगर 268!" पंधरा वर्षांची कबड्डीपटू, टाइप वन डायबिटीस. मान खाली घालून एवढंच म्हणाली, "मी काही खाल्लं नाही गं."

मी तिचा डबा बघायला मागितला. काकडी, दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी चढाया करायच्या आणि दुपारचं जेवण एवढंच! माझा जीव तुटला. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. भात सोडला तरी इंजेक्शन सुटत नाही. मग वाढत्या वयाच्या खेळाडूला उपाशी का ठेवायचं?

दंडावरच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख तिच्या मोबाइलवर उघडला. शिवाजी पार्कात पळण्याचा सराव असेल त्या दिवशी रेघ खाली येत होती आणि सामन्याच्या दिवशी सरळ वर. चुरशीच्या खेळात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पोटात काही नसतानाही शुगर चढते ती अशी. घरी मात्र 268 बघून इन्सुलिनचा पूर्ण डोस दिला जायचा, रात्री जेवायला कोशिंबीर. खेळून थकलेले स्नायू पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात. पहाटे अडीचला आकडा होता 54, म्हणजे धोक्याइतका कमी.

तो आकडा आईला बोट ठेवून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हणजे ही खरं बोलत होती."

"खेळ बंद करू का हिचा?" हा प्रश्न आलाच. वसीम अक्रमला 1997 मध्ये टाइप वनचं निदान झालं आणि तो 2003 पर्यंत पाकिस्तानकडून खेळला, हे सांगितल्यावर पोरीने पहिल्यांदा वर पाहिलं.

डॉक्टरांशी बोलून सामन्यानंतरचा डोस निम्म्यावर आणला. भात परत ताटात आला, पण मोजून. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणून घरची वाटी एकदा काट्यावर ठेवायला सांगितली. सामन्याच्या रात्री झोपताना शुगर बघायची, एकदा मध्यरात्री उठूनही.

तिच्या प्रशिक्षकांना तिथूनच फोन लावला. शुगर उतरली की ते चिक्की द्यायचे. शेंगदाण्यातल्या तेलामुळे चिक्कीतली साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडरच हवी. "मग शनिवारी हिला उतरवू ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, जरूर उतरवा. फक्त आधी शुगर बघा. 90 च्या खाली असेल तर ग्लुकोज द्या, आकडा वर येऊ द्या, मगच मैदानात पाठवा.