एकाच मळ्याचा चहा आणि जालन्याचे पाणी

दार्जिलिंगच्या एकाच मळ्यातला सेकंड फ्लशचा, म्हणजे मे-जूनमधल्या तोडणीचा चहा मागवला, तेव्हा तो दुधात उकळायचा नसतो एवढे मला माहीत होते. पाण्याविषयी मात्र पाकिटावर काही छापलेले नव्हते, आणि जालन्यात सगळे पाण्यापाशीच येऊन अडते. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात वापर बोअरचा.

बोअरच्या पाण्यात चहाचा रंग काळपट उतरला. जरासा निवताच वर पातळ तवंग धरला. चमच्याने सारला की त्याच्या कपच्या होत आणि कपाच्या कडेला तपकिरी वळ उरे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असते; त्यांच्या सान्निध्यात चहातील पॉलिफेनॉलचा हवेशी संयोग होऊन हा तवंग तयार होतो. लिंबाचे थेंब टाकल्यास तो येत नाही, पण मग वास लिंबाचाच येतो. आरओच्या जारचे पाणी घेतले तेव्हा रंग लख्ख तांबूस आला, तरी चव मला पोकळ वाटली. शेवटी तीन भाग आरओचे आणि एक भाग बोअरचे हे मिश्रण जमले.

जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. काळ्या चहासाठी ते निववू नये, आधण आले की लगेच पानांवर ओतावे. चाखणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे, परंतु ते चहांची आपापसांत तुलना करण्यासाठी आहे, चवीने पिण्यासाठी नव्हे. मी २०० मिलिलिटरला अडीच ग्रॅम घेते आणि साडेतीन मिनिटांनी गाळते. त्यापुढे तुरटपणा जिभेच्या कडांना धरू लागतो.

गाळल्यावर आधी झाकणाचा वास घ्यावा, मग ओल्या पानांचा. चहा मात्र भुरका मारूनच चाखावा, कारण घोटासोबत हवा आत गेली की वास घशामागून नाकात चढतो, आणि सेकंड फ्लशचे खरे वैभव त्या वासातच आहे: पिकलेल्या मस्कत द्राक्षाचा, किंचित लाकडाचा. तो येतो कशाने, हे कळले तेव्हा मी थक्क झाले. तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, त्या माऱ्याला झाड जे सुगंधी द्रव्य तयार करून उत्तर देते, तेच पुढे पानात उरते. हे अण्णांना सांगितले तेव्हा, जन्मभर कपाशीवर याच किडींसाठी फवारणी केलेल्या त्यांनी कप पुन्हा नाकाशी नेला आणि विचारले, “म्हणजे मळेवाले तुडतुडे मारीत नाहीत?” पूर्ण मोकळे सोडले तर पीक बसते, हे चहालाही लागू आहेच.

त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतून पाच मिनिटे ठेवले की फिका पण गोडसर चहा उतरतो. अण्णांच्या पहिल्या कपात मी अर्धा चमचा साखर घालते. तुरट त्यांना चालत नाही, आणि तेवढ्या साखरेने द्राक्षाचा वास जात नाही, हे मी स्वतः पिऊन पाहिले आहे.