कोपऱ्यांची किंमत

जुन्या, दाट वस्तीत मोकळ्या जागेचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: जागाच कुठे आहे? मी लँडस्केपचं काम करते आणि मला ती सगळीकडे दिसते. दोन भिंतींमधला कोपरा, पडलेल्या घराचा चौथरा, गल्ली जरा रुंदावते तिथला तिकोना.

आम्सटरडॅममध्ये 1947 पासून डच वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी मुलांच्या खेळासाठी अशाच जागा उचलल्या. वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी, बसायला बाक. शहरभर अशी 700हून अधिक क्रीडांगणं झाली, आणि अनेक जागा रहिवाशांनीच पालिकेला पत्रं लिहून सुचवल्या होत्या. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मी स्वतः आधी जमिनीखाली बघते. जुन्या गल्लीत जलवाहिन्या, गटारं, केबल, घरांचे पाये यांची दाटी असते. मुळांना माती मिळाली नाही तर झाड खुरटतं. खोडाभोवतीची जमीन सिमेंटने बंद करू नका, पाणी मुरू द्या. जुन्या चुन्याच्या भिंतीला लागून वाफा तर नकोच, ओल थेट भिंतीत चढते. तिथे वेल हवीच असेल तर भिंतीपासून सुटी जाळी उभारा.

बाक मात्र सावलीत ठेवा, आणि वाटेकडे तोंड करून. बसलेल्या माणसाला येणारी-जाणारी माणसं बघायची असतात.