राखोळी

लग्नात, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, मला सगळीकडे एकच प्रश्न येतो. "कुत्रं फिरवायचे पैसे देतात का गं लोक? खरंच?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं, तिला खरोखरच नवल वाटलेलं असतं. आमचं गाव लातूर. इथं पोरीनं अकरावी सायन्सला नाव घातलं की ती डॉक्टर होणार हे गल्लीनं ठरवून टाकलेलं असतं. अशा गावात बी.एस्सी. झालेली मुलगी पहाटे साडेपाचला दुसऱ्याच्या लॅब्राडोरचा दोर धरून औसा रोडच्या कडेनं चालताना दिसली, तर प्रश्न पडणारच. पंगतीत दोन घासांच्या मधे याचं उत्तर नीट देता येत नाही. म्हणून इथं लिहिते.

हो, देतात. अर्ध्या तासाच्या एका फेरीचे शंभर रुपये, महिना बांधला तर २२००. घरचे गावाला गेले असतील तर दिवसातून दोनदा जाऊन खायला घालणं, फिरवणं, जागा साफ करणं याचे दिवसाला ३००. आमच्या घरी मुक्कामाला ठेवलं तर ५००. सध्या माझ्याकडे महिन्यानं बांधलेली अकरा कुत्री आहेत, आणि सुट्ट्यांत दोन मांजरं. देणारे म्हणजे दवाखान्यात बारा-बारा तास असणारं डॉक्टर जोडपं, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक काकू, आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेला पण त्यानं हौसेनं आणलेला हस्की इथंच राहिला असे आईवडील. हे शेवटचे सगळ्यात जास्त. पस्तीस किलोचं तरणं कुत्रं सत्तरीच्या माणसाला जिन्यावरून ओढतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. त्या घरात माझ्या शंभर रुपयांवरून कधी घासाघीस झाली नाही.

माझ्या आजोबांना मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी ते असतात. मी काय करते ते मी त्यांना पहिल्यांदा भीतभीतच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे राखोळी की." राखोळी म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याची जनावरं राखणं.

त्यांच्या लहानपणी गावाचा एक गुराखी होता. सकाळी वेशीपाशी सगळ्या घरांची गुरं गोळा व्हायची, तो ती गायरानात न्यायचा आणि दिवेलागणीला प्रत्येक जनावर त्याच्या त्याच्या दारात यायचं. सुगीला घरटी जनावरं मोजून त्याला ज्वारी मिळायची, रोजची भाकरी वेगळी. गुरं राखायचे दाणे कशाचे, असं त्याला कुणी विचारलं नाही. बघायचे ते एवढंच की माणूस भरवशाचा आहे का. आबा सांगतात, एखादी गाय संध्याकाळी परतली नाही तर तो घरी जेवायला बसायचा नाही. कंदील घेऊन पुन्हा माळावर जायचा. ते कंदिलाचं मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं.

सुरुवात कुठून झाली हेही विचारतात. मी दहावीची परीक्षा दिली तो २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते वर्ष. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. आमच्या शेजारचं कुटुंब त्या उन्हाळ्यात घर बंद करून पुण्याला नातेवाइकांकडे गेलं. पंधरा दिवसांत येतो म्हणाले आणि मृग लागल्यावर आले. त्यांचा मोत्या मागं राहिला. आमच्या घरात तेव्हा पाणी तांब्यानं मोजलं जायचं. मोत्याला पाजायचं कुठून, यावर आई म्हणाली, "त्याचं पाणी तुझ्या आंघोळीतनं." मी दोन महिने अर्ध्या बादलीत आंघोळ केली. मोत्या रोज सकाळी माझ्या दारात बसलेला असायचा. परत आल्यावर काकू पाचशेची नोट द्यायला लागल्या तेव्हा आईनं माझा हात धरला. ते पैसे घेतले नाहीत हे बरोबरच झालं, असं मला आजही वाटतं. पण शेजाऱ्याची अडचण निभावणं वेगळं आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पहाटे ठरल्या वेळेला दारात उभं राहणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाचे पैसे घ्यायलाच हवेत. फुकटचं काम करणारीला पावसात न येण्याची मुभा असते. मला ती नाही.

कामात नुसतं चालणं किती आणि बाकीचं किती, हे बाहेरून दिसत नाही. उन्हाळ्याचंच घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डांबरी रस्ता त्याहून कितीतरी तापतो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडासा फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ काढून, धापा टाकून बाहेर फेकावी लागते. त्यात हस्कीच्या अंगावर दुहेरी केस, आणि पगचं नाक इतकं बसकं की धापसुद्धा नीट टाकता येत नाही. मी तळहाताची मागची बाजू रस्त्याला लावून सात आकडे मोजते. हात टिकला नाही तर फेरी नाही. मार्च ते जून माझं सकाळचं काम साडेसातच्या आत संपतं आणि संध्याकाळचं अंधार पडल्यावरच सुरू होतं. एका घराला मे महिन्यात संध्याकाळी पाचचीच वेळ हवी होती. ते काम मी सोडलं. महिन्याचे २२०० गेले, आणि ते तेव्हा मला परवडणारे नव्हते. तरी पुन्हा तीच वेळ मागितली तर पुन्हा सोडीन.

हरणीचं सांगायला हवं. माझ्या या कामातलं सगळ्यात मोठं शिक्षण तिच्यामुळं झालं.

हरणी कारवानी आहे. कारवानी म्हणजे आपल्या भागातलं कुत्रं. लांब पाय, बारीक कंबर, निमुळतं तोंड. हद्दीपलीकडे कर्नाटकात याच जातकुळीला मुधोळ म्हणतात, त्या मुधोळवर २००५ साली टपाल खात्यानं तिकीटही काढलंय. रस्त्यानं जाणारी माणसं मला थांबवून रागावतात, "बाई, उपाशी ठेवलंय का याला?" बरगड्या दिसणं हाच तिचा बांधा आहे, हे मी रोज कुणाला तरी समजावते. ही कुत्री नजरेनं शिकार करणारी. लांब कुठं काही हललं की पाय आधी सुटतात. म्हणून हरणीला मी मोकळं कधीच सोडत नाही. पण पट्ट्याचं मला कळलं नव्हतं. लॅब्राडोरचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं, पट्टा अडकून राहतो. कारवानीची मान डोक्याएवढीच जाड. साधा बकलचा पट्टा तिनं मागं सरकून एक हिसका दिला की कानांवरून निघून येतो.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. हरणीचे मालक निवृत्त गुरुजी, ते मुलाकडे हैदराबादला गेले होते. अंधार पडायच्या आत, फटाके सुरू व्हायच्या आत फेरी उरकू म्हणून मी साडेपाचला निघाले. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. ती मागं सरकली आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला. बार्शी रोडच्या बाजूला एक पांढरी रेघ गेल्यासारखं दिसलं, तेवढंच.

मी लगेच गुरुजींना फोन लावला. शोधून मग सांगू असं एकदा मनात आलं होतं. तसं केलं नाही, आणि या एका गोष्टीचं मला समाधान आहे. फोनवर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागं पळू नकोस. पळालीस तर आणखी लांब जाईल. तिचं जर्मनचं वाडगं आहे ओट्याखाली, ते घे. फटाके थांबले की वाजवत फिर."

पप्पा आणि भाऊ गाडीवर अर्धं शहर फिरून आले. फटाके थांबायला रात्रीचे दोन वाजले. मग मी ते ॲल्युमिनियमचं वाडगं आणि चमचा घेऊन निघाले. रस्ताभर लाल कागदांचा सडा, धूर खाली उतरलेला, आणि त्यात माझा टणटण आवाज. पप्पा वीस पावलं मागं. तीनच्या पुढं एका घरासमोर एक आजी सूप बडवत, केरसुणीनं अंगण झाडत होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अलक्ष्मी बाहेर काढायची जुनी रीत आहे ना, ती. मीही त्यासाठीच निघालेय असं त्यांना वाटलं. सगळं सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "त्या बांधकामापशी कायतरी ढवळं बसलंय बघ मघापास्नं."

वाळूच्या ढिगामागं हरणी होती. थरथरत होती. मी जवळ गेले नाही. तिच्याकडं पाठ करून वाळूत बसले आणि हळूहळू वाडगं वाजवत राहिले. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग माझ्या कोपराला ओलं नाक लागलं आणि तिनं वाडग्यात तोंड घातलं. वाडगं रिकामं होतं. भाकरी घ्यायचं मी विसरले होते. गुरुजींनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

ते परत आल्यावर मी पैसे परत करायला गेले. त्यांनी घेतले नाहीत. हरणीला पुढ्यात घेऊन एक दोरी तिच्या मानेभोवती लावली, तीच दोरी डोक्याभोवती लावून दाखवली, आणि "पट्टा बदल" एवढंच म्हणाले. आता तिला ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा असतो, छातीला वेगळा हार्नेस, दोन दोर, त्यातला एक माझ्या कमरेला. दिवाळीचे चार दिवस कुठलंच कुत्रं मी पहाटे पाचनंतर बाहेर काढत नाही.

घरांच्या चाव्यांबद्दल, कुत्रं चावण्याबद्दलही विचारतात. रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय मी कुत्रं घेत नाही. मी स्वतः काम सुरू करायच्या आधीच तीन डोस घेतलेत. तरी एकदा चावलं. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुतली आणि आधी लस झालेली होती म्हणून पुढचे दोनच डोस लागले. कुत्र्यांबरोबर रोज असणाऱ्या प्रत्येकानं ही लस आधीच घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चाव्यांवर मी मालकाचं नाव कधी लिहीत नाही, कुत्र्याचं लिहिते.

आणि घरचे काय म्हणाले? पप्पांची काळजी वेगळी होती. तरणी पोरगी परक्या घरी, कुलूप उघडून एकटी जाणार, गल्ली काय म्हणेल. त्यांनी दोन अटी घातल्या. नवीन घरी पहिल्यांदा ते किंवा आई सोबत येणार, आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्याच्या घरी नाही, कुत्रं आपल्याकडे आणायचं. दुसरी अट आईला जड गेली, कारण तिच्या देवघरापुढून कुत्रं जाणं तिला चालत नव्हतं. पहिला मुक्कामी आला तो डॉक्टरांचा म्हातारा कॉकर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो भिंतीला धडकत धडकत स्वयंपाकघरापर्यंत आला आणि आईच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. आई पोळ्या लाटत तशीच उभी राहिली, अर्धा तास पाय हलवला नाही. देवघरासमोर आता एक लाकडी फळी आडवी लावलेली असते, बाकी घर त्यांचं. "आज कोण येणार हाय?" हे आता तीच विचारते.

परवा आबा डोळे तपासायला लातूरला आले होते. आईनं त्यांना हरणीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"किती जित्राबं हायेत आता तुझ्याकडं?"

"अकरा."

"त्या रातच्याला कंदील नेल्ता का?"

"मोबाईलचा उजेड होता, आबा."

"आन् जेवलीस कवा?"

"पाडव्याला. दुपारी."

आबांनी मान हलवली आणि आईला म्हणाले, "हिला वाढ."