तुम्ही विचारलंत म्हणून: नेट असताना टाइम सर्व्हर कशाला?

"काय भो, नेट तर सगळ्याच पीसींना आहे. टाइम आपोआप येतो. मग हा टाइम सर्व्हर, म्हणजे बाकीच्या मशीनांना वेळ सांगणारं मशीन, कशाला लावता?" जळगावच्या डाळमिलपासून चाळीसगावच्या जिनिंगपर्यंत नेटवर्कचं काम घेतलं की हा प्रश्न येतोच, बहुतेकदा कोटेशन वाचता वाचता.

जिनिंगचंच घ्या. कापसाची गाडी आली की गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये जातं, वजनकाट्याच्या पीसीवर पावती निघते आणि आत सर्व्हरवर खरेदीची नोंद होते. काट्याचा पीसी सात मिनिटं मागे आणि डीव्हीआर चार मिनिटं पुढे असेल, तर अकरा मिनिटांचा फरक पडतो आणि पावती फाटल्यावर गाडी गेटातून आत शिरताना दिसू शकते. एरवी कोणी बघत नाही. शेतकऱ्याशी वजनावरून वाजलं की मात्र सगळे रेकॉर्डिंग उघडून बसतात, आणि मग कोणाचं घड्याळ खरं हे ठरवण्यातच दुपार जाते.

घड्याळं चुकणारच. कॉम्प्युटरमधला क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकला तरी तो चांगलाच म्हणायचा. पण त्या हिशोबाने दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर फरक पडतो. तापमान बदललं की त्याची चाल बदलते, आणि मे महिन्यात भुसावळला पत्र्याच्या केबिनमध्ये पीसी काय सोसतो ते सांगायला नको. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल तर लाईट गेली की तारीख थेट काही वर्षं मागे. मग बँकेची साइट उघडत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी तिचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. लोक नेटवाल्याला फोन करतात!

आता 'आपोआप'बद्दल. डोमेनमध्ये (एका सर्व्हरच्या ताब्यातल्या पीसींच्या गटात) नसलेलं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला वेळ विचारतं खरं, पण जुन्या विंडोजमध्ये हे आठवड्यातून एकदाच होतं. नेट बंद असेल तर तेही नाही. शिवाय प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे बाहेर विचारत असेल, तर ती एकमेकांशी जुळतीलच याची हमी कोणाची? माझ्या मते आधी आपल्या आवारातली मशीनं एकमेकांशी जुळली पाहिजेत. म्हणून आतल्या एकाच मशीनने बाहेर विचारायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याला. नेट गेलं तर सगळी मिळून थोडी सरकतील, पण एकत्र सरकतील.

यासाठी वेगळा डबा विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम टाकला की झालं. बाहेरचे स्रोत भारतातलेच घ्या. देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते; एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे 'समय१' आणि 'समय२' हे सर्व्हरही आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने याच दोन संस्थांच्या वेळेशी जुळवून घ्यायला सांगितलं. स्रोत दोनच ठेवू नका. दोघांत फरक पडला की खोटं कोण बोलतंय ते क्रॉनीला कळत नाही. चार ठेवा. मग क्रॉनीच्या सेटिंगमध्ये 'अलाऊ'च्या ओळीत आपल्या लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता द्या, 'लोकल स्ट्रॅटम १०' लिहा म्हणजे बाहेरचं काही मिळालं नाही तरी सर्व्हर आत वेळ देत राहील, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट उघडा. घड्याळाला उडी मारायची परवानगी फक्त सुरुवातीला द्या. नंतर त्याने चाल कमीजास्त करत हळूहळू जुळावं. बिलिंग चालू असताना वेळ अचानक मागे गेली तर नंबर पुढचा आणि वेळ आधीची, असं बिल निघतं.

विंडोज डोमेन असेल तर प्रत्येक पीसीला हात लावू नका. पीडीसी एम्युलेटरची (डोमेनमधल्या मुख्य घड्याळाची) भूमिका असलेला डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, तेवढा बाहेर जोडा, बाकीचे त्याच्यामागून येतात. तिथे फरक पाच मिनिटांच्या वर गेला तर कर्बेरोस, म्हणजे लॉगिन तपासणारी व्यवस्था, लॉगिनच नाकारते. डीव्हीआरच्या मेनूतही एनटीपीची (नेटवर्कवरून वेळ घेण्याच्या पद्धतीची) जागा असते. तिथे आपल्या सर्व्हरचा आयपी घाला. हे काम हमखास राहतं.

एका शेटजींनी विचारलं होतं, बाराला सूर्य डोक्यावर नसतो, मग तुमची वेळ खरी कशी? बरोबरच आहे त्यांचं. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि जळगाव त्याच्या बरंच पश्चिमेला. आपली मध्यान्ह सरासरी अठ्ठावीस मिनिटं उशिरा होते, नंदुरबारला त्याहूनही उशिरा. पण पावतीवर प्रमाणवेळच चालते.

काम झाल्यावर माझ्या शब्दावर राहू नका. सर्व्हरवर क्रॉनीच्या स्रोतांची यादी बघा. एका नावाच्या आधी तारा (*) दिसला पाहिजे. विंडोजच्या पीसीवर टाइम सर्व्हिसला स्रोत विचारा. उत्तरात 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं तर तो पीसी अजून स्वतःच्याच घड्याळावर चाललाय. आधी फायरवॉल तपासा, मग मला फोन करा.